रक्तदाब सर्वांत शेवटी पडतो

डेंग्यूच्या रुग्णाचा ताप चौथ्या-पाचव्या दिवशी उतरतो. घरच्यांच्या जिवात जीव येतो, घरी कधी सोडणार म्हणून विचारणा सुरू होते, आणि नेमक्या त्याच वेळी वॉर्डातले डॉक्टर सावध होतात. डेंग्यूतले सगळ्यांत धोक्याचे चोवीस ते अठ्ठेचाळीस तास ताप उतरता उतरता सुरू होतात. विषाणूचा जोर ओसरत असतो, पण त्याच्याशी लढताना शरीराने जी रसायनं मोकळी सोडलेली असतात त्यांच्यामुळे केशवाहिन्यांच्या भिंती झिरपू लागतात. रक्तातला पातळ भाग, म्हणजे प्लाझ्मा, छातीच्या आणि पोटाच्या पोकळीत उतरतो. कुठे जखम नाही, रक्ताचा थेंब सांडलेला नाही, तरी रक्तवाहिन्यांमध्ये रक्त कमी पडायला लागतं.

बंगळुरूला हा आजार चांगलाच परिचयाचा आहे. नऊशे मीटर उंचीवरची सौम्य हवा, पाण्याच्या टंचाईमुळे घरोघरी भरून ठेवलेले संप, टाक्या आणि ड्रम, आणि जागोजागी चाललेली बांधकामं. एडिस इजिप्ती डासाला आणखी काय हवं? २०२४च्या मार्चमध्ये हे शहर पाण्याच्या टँकरमागे धावत होतं आणि त्याच वर्षीच्या पावसाळ्यात डेंग्यूने डोकं वर काढलं. सप्टेंबरच्या सुरुवातीला कर्नाटक सरकारने डेंग्यूला साथरोग म्हणून अधिसूचित केलं. डासांची पैदास सापडली तर शहरातल्या घराला ४०० रुपये आणि बांधकामाच्या जागेला २,००० रुपये दंड ठरला.

डेंग्यू झालेल्यांपैकी बहुतेक जण आठ-दहा दिवसांत अंथरुणातून उठतात. थोड्यांच्या बाबतीत मात्र झिरपणं इतकं वाढतं की मेंदू, मूत्रपिंड, यकृत यांना पुरेसं रक्त पोचेनासं होतं. या अवस्थेला वैद्यक शॉक म्हणतं. शॉकचं कारण दर वेळी वेगळं असतं, उपचारही वेगळा असतो. पण एक गोष्ट जवळजवळ सगळीकडे सारखी: ज्या आकड्यावर आपली सगळ्यांची नजर असते तो रक्तदाबाचा आकडा खूप उशिरा हलतो. त्याच्या आधी हलणाऱ्या खुणा कोणत्या, आणि त्या दिसल्यावर काय करायचं, याचं हे प्रकरण आहे.

नळाला पाणी का येत नाही

मॅक्स हॅरी वाइल आणि हर्बर्ट शुबिन या दोन अमेरिकन डॉक्टरांनी १९७२मध्ये शॉकची जी विभागणी मांडली ती थोड्याफार फरकाने आजही शिकवली जाते. ती समजून घ्यायला बंगळुरूची पाणीव्यवस्था सोयीची आहे. या शहराचं कावेरीचं पाणी सुमारे शंभर किलोमीटरवरून, जवळपास पाचशे मीटर वर चढवून आणावं लागतं. अशा शहरात एखाद्या सकाळी नळ कोरडा पडला तर कारणं चारच. तलावातच पाणी नाही. पंप बिघडला. जलवाहिन्यांचं जाळं एवढं मोकळं सुटलं की आहे त्या पाण्याला जोर उरला नाही. किंवा वाटेत एखादा व्हॉल्व्ह अडकला.

शरीरातही हेच चार प्रकार. रक्तस्राव, जुलाब-उलट्या, भाजणं किंवा डेंग्यूतलं झिरपणं यामुळे रक्ताचं आकारमानच कमी होतं, हा पहिला. मोठ्या हार्ट अटॅकनंतर हृदय पुरेसं रक्त ढकलू शकत नाही, हा दुसरा. जंतुसंसर्ग किंवा तीव्र अॅलर्जीमध्ये रक्तवाहिन्या सैल पडतात, हा तिसरा. फुप्फुसाच्या धमनीत मोठी गुठळी बसली किंवा हृदयाभोवतीच्या आवरणात पाणी भरलं की रक्ताची वाटच अडते, हा चौथा.

कॅजुअल्टीत आलेला माणूस यांपैकी कोणत्या प्रकारचा, हे त्याच्या चेहऱ्यावर लिहिलेलं नसतं. चौघांनाही घाम, धाप, घाबरं होणं आणि जलद नाडी असू शकते. जंतुसंसर्गाच्या शॉकमध्ये सुरुवातीला हातपाय उलट गरम लागतात. इतरांचे बहुधा गार पडतात. मानेच्या शिरा सपाट असतील तर रक्त कमी पडलंय असा अंदाज येतो, फुगलेल्या असतील तर हृदयाचा किंवा अडथळ्याचा संशय. हृदयाचा इको काढला की दोन-चार मिनिटांत पुष्कळ उलगडा होतो, म्हणून आज इकोचं यंत्र आयसीयूमध्ये पलंगाशी आलं आहे. ही ओळख पटवायची धडपड एवढ्यासाठी की पहिल्याला जे तारतं ते दुसऱ्याला मारू शकतं. रक्त कमी पडलेल्याला सलाईन म्हणजे जीवदान. थकलेल्या हृदयाच्या माणसाला तेच सलाईन दिलं तर फुप्फुसात पाणी भरतं.

दाब कोण सांभाळतं

प्रौढ माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असतं. तरुण, निरोगी माणसाचं त्यातलं एक लिटर गेलं तरी आडवा असताना त्याचा वरचा रक्तदाब जवळपास नेहमीसारखा भरू शकतो. मानेतल्या आणि छातीतल्या मोठ्या धमन्यांमध्ये दाब जोखणारी चेतातंतूंची टोकं असतात. दाब किंचित घसरला की ती मेंदूला कळवतात, अॅड्रिनलिन आणि नॉरअॅड्रिनलिन सुटतं, हृदय जोरात धावू लागतं आणि त्वचा, आतडी, मूत्रपिंड यांच्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात. मेंदू आणि हृदय यांच्यासाठी बाकीच्यांचा वाटा कापला जातो. एकूण रक्ताच्या तीस टक्क्यांहून अधिक तोटा झाला की ही सारवासारव पुरत नाही आणि मग दाब पडतो, तोही बहुधा झपाट्याने.

म्हणजे दाब टिकलेला असताना त्याची किंमत कोणी तरी चुकवत असतं, आणि डॉक्टरांनी पाहायचं ते त्या चुकवणाऱ्यांकडे. त्वचेचा वाटा कापला गेला की हातपाय गार आणि ओलसर लागतात. नखावर किंवा बोटाच्या पेरावर दाबून सोडलं तर गेलेली लाली परत यायला तीन सेकंदांहून जास्त वेळ लागतो. मूत्रपिंडाचा वाटा कापला गेला की लघवी कमी होते. साठ किलोच्या माणसाला तासाला निदान तीस मिलिलिटर व्हायला हवी. पेशींना प्राणवायू कमी पडला की रक्तात लॅक्टेट साचतं. आणि मेंदूलाही कमी पडू लागलं की माणूस अस्वस्थ होतो, चिडतो, असंबद्ध बोलतो किंवा पेंगतो.

डेंग्यूत यात आणखी एक बारकावा असतो. वाहिन्या आवळल्या गेल्यामुळे रक्तदाबाचा खालचा आकडा वर सरकतो आणि वरचा बराच वेळ जागेवर राहतो. १२०/८०चं ११०/९० होतं, मग १००/८५. नुसता वरचा आकडा पाहणाऱ्याला शंभर म्हणजे ठीकच वाटेल. पण दोन आकड्यांतलं अंतर चाळीसवरून पंधरावर आलेलं असतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांप्रमाणे हे अंतर वीस किंवा त्याहून कमी झालं की डेंग्यू शॉक धरायचा, वरचा आकडा कितीही चांगला दिसो. लहान मुलं तर या अवस्थेतही शुद्धीवर असतात, विचारलेल्याला उत्तर देतात. त्यामुळे पाहणारा फसतो.

तासातासाचा कागद

डेंग्यू शॉकवर विषाणूनाशक औषध आज उपलब्ध नाही. उपचार एकच, जेवढं झिरपतं तेवढं शिरेतून भरून देत राहायचं आणि भिंती पुन्हा घट्ट होईपर्यंत माणसाला तगवायचं. ऐकायला सोपं वाटतं. अडचण अशी की झिरपण्याचा वेग दर तासाला बदलतो.

दाब अजून पडलेला नाही पण शॉकच्या खुणा आहेत, अशा प्रौढाला पहिल्या तासात वजनाच्या दर किलोला पाच ते दहा मिलिलिटर सलाईन किंवा रिंगर लॅक्टेट देतात. साठ किलोला तीनशे ते सहाशे मिलिलिटर. तास संपला की पुन्हा तपासायचं: नाडी, दोन आकड्यांतलं अंतर, हातापायांची ऊब, लघवी, हिमॅटोक्रिट. सुधारणा दिसली तर वेग पाच ते सातवर, मग तीन ते पाचवर, मग दोन ते तीनवर आणायचा. दाबच पडला असेल तर किलोला वीस मिलिलिटर पंधरा मिनिटांत द्यायचं आणि रुग्णाजवळून हलायचं नाही.

यातला हिमॅटोक्रिट, बंगळुरूच्या लॅबच्या कागदावर पीसीव्ही म्हणून येणारा आकडा, सांगतो की रक्ताच्या शंभर भागांत तांबड्या पेशी किती. प्लाझ्मा झिरपला की रक्त घट्ट होतं आणि हा आकडा चढतो. मूळ पातळीपेक्षा वीस टक्क्यांनी चढला म्हणजे गळती मोठी आहे. सलाईननंतर तो उतरला आणि रुग्णही सुधारला तर बरोबर चाललंय. आकडा उतरला पण नाडी धावतेच आहे, अंग गारच आहे, तर आत कुठे तरी रक्तस्राव होतोय असं समजून रक्ताची बाटली मागवावी लागते. एकच आकडा उतरतो. एकदा त्याचा अर्थ ‘सलाईन कमी करा’ असतो, एकदा ‘रक्त चढवा’. अर्थ लावायला शेजारचे रकाने लागतात.

एक-दोन दिवसांत भिंती सावरतात आणि पोकळ्यांत उतरलेलं पाणी आपोआप रक्तात परतू लागतं. आता वरून सलाईन चालू राहिलं तर फुप्फुसं भरतात. डेंग्यूचे काही रुग्ण याच टप्प्यावर दगावतात, अपुऱ्या उपचाराने नाही, लांबलेल्या उपचाराने. म्हणून सलाईन थांबवण्याची वेळ ओळखणं हे सुरू करण्याइतकंच महत्त्वाचं.

ही सगळी देखरेख किती कामाची, याचा पुरावा व्हिएतनाममधून आला. हो ची मिन्ह सिटीत डेंग्यू शॉकच्या ५१२ मुलांवर कोणतं द्रावण चांगलं याचा अभ्यास झाला आणि २००५मध्ये तो प्रसिद्ध झाला. मध्यम शॉकमध्ये साधं रिंगर लॅक्टेट महागड्या द्रावणांइतकंच चालतं, हा त्याचा निष्कर्ष. पण त्याहून लक्षात राहतो तो दुसरा आकडा: शॉकमध्ये असलेल्या त्या ५१२ मुलांपैकी एकच मूल दगावलं. तिथे या मुलांवर अनुभवी माणसांचं सतत लक्ष होतं.

या सगळ्यात ‘पेशी किती आहेत’ हा प्रश्न मी अजून घेतलेला नाही, कारण शॉकच्या हिशेबात तो मागच्या बाकावर बसतो. पेशी म्हणजे प्लेटलेट्स उतरल्या की नातेवाईक रक्तदाते शोधत फिरतात, पपईच्या पानांचा रस काढतात, व्हॉट्सअॅपवर निरोप फिरतात. सिंगापूर आणि मलेशियातल्या ३७२ प्रौढ रुग्णांवरचा अभ्यास २०१७मध्ये आला. पेशी वीस हजारांवर किंवा त्याखाली आलेल्या, पण रक्तस्राव नसलेल्या या रुग्णांत निम्म्यांना पेशी चढवल्या, निम्म्यांना नाही. रक्तस्राव टाळण्यात ठळक फरक पडला नाही आणि चढवलेल्यांत दुष्परिणाम अधिक दिसले. डेंग्यूतला माणूस बहुधा जातो तो शॉकने, आणि शॉक पीसीव्ही आणि हातापायांच्या उबेत आधी दिसतो.

हृदयच थकलं तर

आता दुसरा प्रकार. बन्नेरघट्टा रस्त्यावरची जयदेव हृदयरोग संस्था ही देशातल्या मोठ्या सरकारी हृदयरोग रुग्णालयांपैकी एक. तिथे रोज हार्ट अटॅकचे रुग्ण येतात. अटॅक आलेल्या शंभरांपैकी पाच ते दहा जणांत हृदयाच्या स्नायूचा एवढा भाग निकामी होतो की माणूस शॉकमध्ये जातो. इथे सलाईनच्या बाटल्यांनी काही साधत नाही. बंद पडलेली धमनी उघडणं हाच उपाय, आणि तो जितका लवकर तितका बरा. १९९९मध्ये प्रसिद्ध झालेल्या ३०२ रुग्णांच्या अमेरिकी अभ्यासात तातडीने रक्तपुरवठा सुरू केलेल्यांपैकी सहा महिन्यांत निम्मे दगावले, फक्त औषधांवर ठेवलेल्यांपैकी ६३ टक्के. फरक मोठा, तरी उरलेला धोकाही मोठा.

हृदयाला यंत्राने हात द्यावा ही कल्पना स्वाभाविक. महाधमनीत फुगणारा-मिटणारा फुगा त्यासाठी अनेक वर्षं सर्रास वापरला गेला. २०१२मध्ये जर्मनीत सहाशे रुग्णांवर तो पारखला तेव्हा त्याने मृत्यू कमी होत नाहीत असं दिसलं. डाव्या कप्प्यात बसवायच्या सूक्ष्म पंपाने २०२४च्या डेन्मार्क-जर्मनीतल्या अभ्यासात निवडक रुग्णांत फायदा दाखवला, पण रक्तस्राव आणि पायाचा रक्तपुरवठा अडणं या गुंतागुंतीही वाढल्या. म्हणून शॉक येण्याआधीच धमनी उघडणं सगळ्यांत शहाणपणाचं. अभिनेता पुनीत राजकुमार २९ ऑक्टोबर २०२१ला बंगळुरूत वयाच्या ४६व्या वर्षी हृदय बंद पडून गेले. त्यांच्या नावाने कर्नाटकाने सुरू केलेल्या हृदयज्योती योजनेचा गाभा हाच आहे. तालुक्याच्या रुग्णालयात ईसीजी काढायचा, जयदेवसारख्या केंद्रातून त्याचं निदान मिळवायचं आणि गुठळी विरघळवणारं टेनेक्टेप्लेसचं महागडं इंजेक्शन तिथल्या तिथे मोफत द्यायचं.

हृदयाच्या शॉकची सगळ्यांत विलक्षण कथा मात्र आपल्या कोकणातली आहे. जालना जिल्ह्यातल्या देहेड गावचे डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६च्या सुमारास रायगड जिल्ह्यात महाडजवळच्या बिरवाडी प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. तिथे लाल विंचू चावलेली माणसं, विशेषतः मुलं, फुप्फुसात पाणी भरून डोळ्यांदेखत जात. बावस्कर या रुग्णांच्या उशाशी बसून तासातासाच्या नोंदी करत राहिले. उलट्या, दरदरून घाम, गार पडलेले हातपाय, वाढलेली नाडी ही हृदय पुढे दगा देणार असल्याची आगाऊ सूचना असते, हे त्यांनी १९८२मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये मांडलं.

विंचवाचं विष शरीरातलं अॅड्रिनलिनचं भांडार एकाएकी उघडतं. सगळ्या रक्तवाहिन्या कचकचून आवळल्या जातात, सुरुवातीला दाब भरमसाट चढतो आणि त्या विरोधाशी झगडून हृदय थकतं. हे कळल्यावर बावस्करांनी वापरलं ते प्राझोसिन, म्हणजे रक्तवाहिन्या सैल करणारी, दाब कमी करणारी साधी स्वस्त गोळी. शॉकच्या वाटेवर असलेल्या माणसाला दाब उतरवणारं औषध द्यायचं हे वरवर उफराटं. पण आजाराचा गाभा ओळखल्यावर तेच बरोबर ठरलं. १९८६मध्ये त्यांचा हा अनुभव ‘लॅन्सेट’मध्ये आला. त्यांच्या नोंदींप्रमाणे पूर्वी अशा गंभीर रुग्णांतले तीस-चाळीस टक्क्यांपर्यंत दगावत. प्राझोसिननंतर हे प्रमाण काही टक्क्यांवर आलं. पुढे प्रतिविष उपलब्ध झाल्यावर त्यांनी आणि त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी ७० रुग्णांवर तुलना केली. दोन्ही औषधं मिळालेले ९१ टक्के रुग्ण दहा तासांत बरे झाले, नुसतं प्राझोसिन मिळालेले २३ टक्के. हा अभ्यास २०११मध्ये ‘बीएमजे’ने छापला. २०२२मध्ये बावस्करांना पद्मश्री मिळाली.

बेळगावची पिशवी

बंगळुरूहून रातोरात रेल्वेने गाठता येणाऱ्या बेळगावात याच विद्येचा आणखी एक धडा घडला. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव हे जगभर मातामृत्यूचं मोठं कारण. तरुण बाईचं शरीर सारवासारव करण्यात पटाईत असतं, गरोदरपणात रक्ताचं आकारमानही वाढलेलं असतं. त्यामुळे दाब पडेपर्यंत फार रक्त गेलेलं असतं. किती गेलं हे पाहणारा डोळ्यांनी अंदाज करतो, आणि डोळा कमी सांगतो. चादरीत, कापसात, फरशीवर मुरलेलं रक्त हिशेबात येत नाही.

बेळगावच्या केएलई संस्थेच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयातल्या डॉ. भालचंद्र कोडकणी, डॉ. शिवप्रसाद गौडर आणि त्यांच्या अमेरिकी सहकाऱ्यांनी बाळंतिणीखाली घालायचं प्लॅस्टिकचं कापड वापरात आणलं. खाली नरसाळ्यासारखी पिशवी आणि तिच्यावर मापाच्या खुणा. जिल्हा रुग्णालयात तुलना केली तेव्हा डोळ्यांचा अंदाज पिशवीतल्या मापापेक्षा ३३ टक्क्यांनी कमी भरला. हीच पिशवी वापरून जिल्ह्यातल्या १,६२० बाळंतिणींचा अभ्यास झाला आणि २००६मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. नर्सबाईंनी बाळंतपणानंतर मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या दिल्या तर रक्तस्रावाचं प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर येतं, असं त्यात दिसलं.

पुढे २०२३मध्ये केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि तांझानिया इथल्या दोन लाखांहून अधिक बाळंतपणांच्या अभ्यासात खुणांची पिशवी आणि तिच्यासोबत ठरलेले उपचार एकदम द्यायची पद्धत पारखली गेली. रक्तस्राव वेळीच ओळखला जाण्याचं प्रमाण ५१ टक्क्यांवरून ९३ टक्क्यांवर गेलं. जीवघेणा रक्तस्राव, त्यासाठीची शस्त्रक्रिया किंवा त्यातून मृत्यू हे सगळं मिळून ४.३ टक्क्यांवरून १.६ टक्क्यांवर आलं.

बेळगाव जिल्ह्यातल्याच गोकाकने दुसरी बाजू दाखवली. नाडीच्या ठोक्यांना वरच्या रक्तदाबाने भागलं की मिळणाऱ्या आकड्याला शॉक निर्देशांक म्हणतात. ठोके ७० आणि दाब १२० असेल तर तो ०.६ येतो, ठोके ११० आणि दाब १०० झाला की १.१. दोन्ही आकडे सुटे पाहिले तर फार भीतीदायक नाहीत, भागाकार मात्र बोलतो. ०.९च्या पुढे पिवळा आणि १.७च्या पुढे लाल दिवा लागणारं स्वस्त यंत्र गोकाकसह आफ्रिका, भारत आणि हैतीतल्या दहा ठिकाणी वापरून पाहिलं. २०१९मध्ये निकाल आला तेव्हा ठिकाणाठिकाणांत इतका फरक होता की यंत्रामुळेच जीव वाचले असं सिद्ध करता आलं नाही. लाल दिवा लागल्यावर पुढे काय, याची उत्तरं प्रत्येक ठिकाणी वेगळी होती. पिशवीच्या अभ्यासात माप आणि कृती एकत्र बांधलेली होती.

सलाईन हेही औषधच

सगळ्यांत मोठा धक्का २०११मध्ये आला. युगांडा, केनिया आणि तांझानियातल्या रुग्णालयांत ताप आणि शॉकच्या खुणा असलेल्या ३,१४१ मुलांवर अभ्यास झाला. काहींना झटपट भरपूर सलाईन किंवा अल्ब्युमिन दिलं, काहींना फक्त सावकाश चालणारं नेहमीचं द्रावण. सगळ्यांची अपेक्षा झटपट देण्याकडे झुकलेली होती. अठ्ठेचाळीस तासांत झटपट मिळालेल्यांतली सुमारे साडेदहा टक्के मुलं गेली, न मिळालेल्यांतली ७.३ टक्के. मलेरिया, रक्तक्षय आणि जंतुसंसर्गाने आधीच थकलेल्या, व्हेंटिलेटर नसलेल्या वॉर्डातल्या या मुलांना पाण्याचा तो लोंढा पेलला नाही. डेंग्यूत तारणारी गोष्ट तिथे उलटली. सलाईनला डोस असतो, दुष्परिणाम असतो आणि बंद करण्याची वेळ असते, हे त्यानंतर जगभरच्या आयसीयूंनी गांभीर्याने घेतलं.

जंतुसंसर्गाच्या शॉकमध्ये आज लवकरात लवकर, शक्यतो पहिल्या तासात, प्रतिजैविक देतात, मोजकं सलाईन देतात आणि सैल पडलेल्या वाहिन्या आवळायला नॉरअॅड्रिनलिन सुरू करतात. पूर्वी डोपामिन वापरत. २०१०मध्ये १,६७९ रुग्णांच्या अभ्यासात त्याने हृदयाची लय बिघडण्याचं प्रमाण दुपटीच्या आसपास गेलं, मग ते मागे पडलं. दाब किती ठेवायचा? धमनीतला सरासरी दाब ६५च्या आसपास. मनगटाच्या धमनीत बारीक नळी घालून तो दर ठोक्याला पडद्यावर दिसतो.

पण दाब ६५वर आला म्हणजे बोटाच्या टोकाला रक्त पोचलं असं नाही. चिलीतले डॉ. ग्लेन हर्नांडेझ आणि सहकाऱ्यांनी दक्षिण अमेरिकेतल्या पाच देशांत ४२४ रुग्ण निवडले. निम्म्यांचे उपचार रक्तातल्या लॅक्टेटवर बेतले, निम्म्यांचे बोटावर. काचेची पट्टी बोटाच्या पेरावर दहा सेकंद दाबायची, सोडायची आणि लाली परतायला किती सेकंद लागतात ते घड्याळावर मोजायचं, दर अर्ध्या तासाला. २०१९च्या निकालात बोटावर बेतलेल्या गटातले ३४.९ टक्के दगावले आणि लॅक्टेटच्या गटातले ४३.४ टक्के. संख्याशास्त्राच्या कसोटीला हा फरक काठावर अडला, म्हणून तो सिद्ध झाला असं म्हणता येत नाही. तरी एक गोष्ट ठरली. काचेची पट्टी आणि सेकंदकाटा प्रयोगशाळेच्या तोडीला उभे राहिले.

घरच्यांनी काय पाहावं

बंगळुरूच्याच एका कंपनीने, डोझीने, गादीखाली ठेवायची संवेदक पट्टी तयार केली आहे. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर अंगाला जो सूक्ष्म हादरा बसतो तो टिपून ती नाडी आणि श्वासाची गती सांगते. साध्या वॉर्डातल्या रुग्णावर रात्रभर लक्ष ठेवायला अशी साधनं उपयोगी. पण पट्टी हात गार आहे का ते सांगत नाही, आणि तिने इशारा दिल्यावर उठून जाणारं कोणी लागतंच.

घरी डेंग्यूचा रुग्ण असेल तर ताप उतरल्यावरच्या दोन दिवसांत हे पाहत राहा: पोटात सतत दुखणं, वारंवार उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, फार सुस्ती किंवा विनाकारण तगमग, गार ओलसर हातपाय, आणि चार ते सहा तास लघवी न होणं. यांपैकी एक जरी दिसलं तरी रुग्णालय गाठा. घरच्या यंत्रावर बीपी चांगलं आलं म्हणून थांबू नका. तापासाठी पॅरासिटामॉल ठीक. अॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक टाळा. ‘अशक्तपणा आहे, एक बाटली लावा’ असा आग्रह डॉक्टरांकडे धरू नका. आणि वॉर्डात असाल तर पेशींच्या आकड्याबरोबर आणखी तीन गोष्टी विचारा. पीसीव्ही किती होता आणि आता किती आहे, बीपीचे दोन्ही आकडे काय, आणि सकाळपासून लघवी किती झाली.

हो ची मिन्ह सिटीतलं द्रावण स्वस्त होतं, महाडची गोळी स्वस्त होती, बेळगावची पिशवी प्लॅस्टिकची होती. या तिन्ही ठिकाणी खर्च झाला तो माणसांच्या वेळेवर. रुग्णालय निवडताना आपण व्हेंटिलेटर आहे का, नवं मशीन आलंय का हे विचारतो. रात्री दोन वाजता एका सिस्टरच्या वाट्याला किती रुग्ण येतात, हे सहसा कोणी विचारत नाही. शॉकच्या रुग्णाचं भवितव्य बऱ्याच अंशी याच आकड्यावर ठरतं.